खालचा सा

"परत," मी म्हटलं.

काचेपलीकडे बसलेल्या बाबालालचाचांनी मान हलवली, उजव्या हाताची दोन बोटं पँटला पुसली आणि बास गिटार पुन्हा मांडीवर ओढली. ही अकरावी वेळ होती. सकाळी दहाला बसले होते, आता एक वाजत आला होता. मधला चहासुद्धा त्यांनी गिटार न उतरवता प्यायला होता.

गाणं सुरू झालं. पंचम आला, चांगला भरघोस. मध्यम आला, तोही ठीक. आणि खालचा सा आला तेव्हा पुन्हा तेच. जिना उतरताना एक पायरीच नसावी, तसं झालं. सा वाजला की नाही तेच कळेना.

मी गाणं थांबवलं. माझं डोकं फिरलं होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि तेव्हा माझं डोकं फार पटकन फिरायचं. आताही फिरतं, पण आता ते कुणावर फिरवायचं हे आधी बघून घेते.

"चाचा, सा गेला परत."

"सा कसा जाईल ओ ताई?" त्यांचा आवाज माईकमधून आला. "खुली तार हाय ती. नुसती छेडायची. सा गेला तर मग माझ्याकडं राहिलं काय?"

माझ्या मागे भिंतीला टेकवलेल्या सोफ्यावर मगदूमदादा बसले होते. ते म्हणाले, "गेला कुठे? मला तर उलट ढम्मकन अंगावर येतोय. सा आला की छातीत धडधडतं."

"दादा, मला ऐकूच येत नाहीये."

"म्हणजे कधी जोरात, कधी हळू. हाताचा भरवसा राहिलेला नाही." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "झटका येऊन गेलेला माणूस आहे. मी आधीच म्हणत होतो."

मलाही ते पटलं.

धैर्यशील मगदूम हे सांगलीतलं तेव्हाचं मोठं नाव. शाळांची स्वागतगीतं, देवस्थानांच्या आरत्या, निवडणुकीची गाणी, सगळं त्यांच्या पेटीतून निघायचं. त्यांनी स्वतःच्या आठ गाण्यांचा अल्बम करायला घेतला होता आणि दसऱ्याला त्याचं प्रकाशन ठरलं होतं. त्यासाठी त्यांनी बंगल्याच्या गच्चीवर नवाकोरा स्टुडिओ बांधला होता. वास्तूवाल्याने सांगितलं, खोली चौरस हवी. म्हणून दहा फूट लांब, दहा फूट रुंद. गवंड्याने विचारलं, उंची किती, तर दादा म्हणाले तीही दहाच घे, शुभ आहे. येईल त्याला ते मोजायची टेप लावून दाखवायचे. मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं, "दादा, ही खोली नाही, हा फासा आहे." ते हसले होते, मीही हसले होते. माझी खुर्ची खोलीच्या बरोब्बर मध्ये ठेवलेली होती, तोंड पूर्वेला.

माझं काम मिक्सिंगचं. वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांच्या मापात बसवायचे. पुण्याला दोन वर्षं शिकून आले होते आणि हा माझा पहिला स्वतंत्र अल्बम होता. सीडीच्या पाठीवर छापून येणार होतं, मिक्सिंग : ऊर्जिता कुलथे. ते नाव मी वहीच्या मागच्या पानावर छापील अक्षरांत लिहूनही बघितलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही. सांगलीत हे काम करणारी दुसरी बाई नव्हती. पहिले पंधरा दिवस जो येईल तो मला विचारायचा, "मशीनवाले कुठायत?"

बास सगळ्यात अवघड. ऐकणाऱ्याचं त्या चार जाड तारांकडे लक्ष नसतं, पण एक सूर मोठा आणि दुसरा बारीक आला की सगळं गाणं लंगडतं. मी सगळे उपाय करून बसले होते. मोठा आवाज दाबून लहानाच्या जवळ आणणारा कॉम्प्रेसर लावला, पंचम दबला, सा जागचा हलला नाही. मग एकेक सा शोधून त्याच्या आवाजाची सरकपट्टी हाताने वर केली. एका गाण्यात त्रेचाळीस सा. तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटी खुर्चीत बसून सगळं सारखं ऐकू आलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. दादांनी ते गाणं गाडीत लावलं, तर सा आला की गाडीची दारं थरथरायची. डॅशबोर्डवरचा गणपती पडला. दादा माझ्याकडे बघत राहिले.

"पोरीला कान आहेत ना?" त्यांनी त्या दिवशी ड्रायव्हरला विचारलं. मला नाही, ड्रायव्हरला.

म्हणून मी बाबालालचाचांना परत बोलावलं होतं. कान आहेत हे दाखवायला.

बाबालाल शिकलगार मिरजेचे. बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आणि तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बास. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर उजवा हात खांद्यापासून बधिर. अर्धांगाचा झटका होता, सौम्य म्हणतात तसला. त्यानंतर या माणसाने रबरी चेंडू दाबून, घरची कणीक मळून हात परत आणला होता. हे त्यांचं झटक्यानंतरचं पहिलं रेकॉर्डिंग. पहिल्या दिवशी गिटार पिशवीतून काढताना म्हणाले होते, "ताई, हे जमलं तर हात जमला. नाही तर मग मशीनच्या सुया बदलत बसायचं."

अकराव्या वेळेनंतर ते काचेच्या दारातून आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. स्क्रीनवर त्यांच्या सुरांचे उंचवटे ओळीने दिसत होते.

"हे माझंच का?"

"हो."

त्यांनी वाकून बघितलं. मग बोट न लावता, लांबूनच, एकेका उंचवट्यावरून बोट फिरवलं. "ताई, ह्यात तर सगळे डोंगर सारखेच दिसायलेत की. ह्यातला सा कुठला आणि पंचम कुठला, मला तर वळखू येईना."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"चाचा, गाणं कानांनी मिक्स करतात, डोळ्यांनी नाही."

मागून दादा खूश होऊन हसले. "वा! कान आहे हं पोरीला."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी उजवा हात पालथा केला, उताणा केला आणि मला विचारलं, "खरं सांगा ताई. हात गेलाय का माझा?"

दादा सोफ्यावरून उठून मोबाईल घेऊन गच्चीत गेले. अवघड प्रश्न आला की त्यांना फोन यायचा. उत्तर माझ्यावर आलं. आणि मी, चोवीस वर्षांची, दोन वर्षं शिकलेली, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "अजून पूर्ण आलेला नाही, चाचा. खालच्या सुराला जोर कमी-जास्त होतोय. तुम्हाला ते कळत नाहीये, हाच प्रॉब्लेम आहे."

"मला कळंना झालंय," ते स्वतःशी म्हणाले. मग गिटार पुसली, पिशवीत घातली, आणि मला "येतो ताई" म्हणून जिना उतरले. जाताना चप्पल घालायला त्यांना वेळ लागला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्यांचाच राग आला, इतका कसा हा माणूस गरीब!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी बास कीबोर्डवर वाजवला. यंत्राला सांगितलं, सगळे सूर एकाच जोराने काढ, आणि यंत्राने ते काढले. दादा हात झटकत म्हणाले, "झालं. आता कर मिक्स."

मी गाणं लावलं. पंचम आला. मध्यम आला. सा आला नाही.

मी परत लावलं. सा नाही. वायर हलवल्या, प्लग काढून घातले. सा नाही. आता कुणाचा हात गेला होता? कीबोर्डला कधी झटका आला होता? गाणं चालूच होतं आणि मी सोफ्यामागचा बोर्ड तपासायला उठले. भिंतीपाशी वाकले तेव्हा सा आला. ढम्मकन, अंगावर. खिडकीची काच वाजली.

मी तशीच वाकून उभी राहिले. मग एक पाऊल पुढे आले, सा जरा कमी झाला. अजून एक पाऊल, अजून कमी. खुर्चीजवळ आले आणि तो विरून गेला. मागे गेले, परत आला. चार-पाच वेळा मी त्या दहा फुटांत येरझाऱ्या घातल्या. मग वही काढली. पुण्याची, दुसऱ्या महिन्यातली, माझ्याच अक्षरात: चौरस खोली टाळावी, तिन्ही मापं सारखी असतील तर खालचा एखादा सूर मध्यभागी नाहीसा होतो आणि भिंतीशी फुगतो. खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. परीक्षेला येईल म्हणून.

सूर नीटच होता. खोली खोटं बोलत होती. मला एक आणि दादांना दुसरं सांगत होती, आणि आम्ही दोघांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाचा हात कामातून काढला होता.

दादांना मी खुर्चीत बसवलं, मग सोफ्यावर, मग परत खुर्चीत. ते काय समजायचं ते समजले. चेहरा लाल झाला.

"हे गावात सांगत फिरू नकोस," ते म्हणाले. "या खोलीत उद्या लोक रेकॉर्डिंगला येणार आहेत."

"आणि चाचांना?"

"त्यांना काय सांगायचं? वय झालंय त्यांचं. आज ना उद्या हात जाणारच होता." मग उठता उठता म्हणाले, "आणि ऊर्जिता, त्यांना सांगितलंस तू. मी नाही."

तिथे मी त्यांच्या तोंडावर वही फेकायला हवी होती. नाही फेकली. खुर्ची दोन हात पुढे सरकवली, हेडफोन लावले आणि कीबोर्डचा बास धरून मिक्स करायला घेतलं. रोज सकाळी ठरवायचं, आज मिरजेला जाऊन सांगायचं. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. काम संपू दे. नाव छापून येऊ दे. माझ्या तेव्हाच्या रागाचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्यांवर इतका लवकर येणारा राग त्या दहा दिवसांत माझ्यावर मात्र आला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी चाचांचा फोन आला.

"ताई, कामात हाय का? दोनच मिनिटं घेतो." आवाज उत्साही होता. "दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले हात एकदम ठीक हाय, काय झालं नाही. पण डॉक्टरला सुरातलं काय कळतंय? तुमच्यासारखे कान कुठं हायत त्याला? तर मी म्हटलं, तुम्हालाच विचारावं. मी रियाज वाढवलाय. एकदा ऐकता का? रेकॉर्डिंगला घेऊ नका, नुसतं ऐका."

मी फोन ठेवला आणि मिरजेची बस पकडली. वीस मिनिटांच्या प्रवासात काय बोलायचं ते पाच वेळा ठरवलं आणि पाचही वेळा त्यात खोलीचा दोष पहिल्यांदा येत होता, माझा शेवटी.

दुकान म्हणजे एक फळी, तिच्यावर तीन उघडी मशीनं, मागे एक स्टूल. स्टुलाला टेकून बास गिटार उभी होती. मला बघून चाचा ताडकन उठले. "अरे, ताई! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मीच आलो असतो की." आणि त्यांनी स्टूल पुसायला हात पुढे केला तेव्हा मला दिसलं, उजव्या हाताच्या दोन बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. चिंध्या लालसर झाल्या होत्या.

"हे काय झालं?"

"काय नाही, कातडं गेलंय जरा. दहा दिवस एकच सूर वाजवायलोय ना. खालचा सा. सकाळी दोन तास, रात्री दोन तास. आता बघा कसा एकसारखा..."

"चाचा, सा एकसारखाच होता."

ते थांबले.

मी सांगितलं. खोली, भिंत, खुर्ची, कीबोर्ड, वही. रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला तेवढा वेळ मी थांबले, मग उरलेलं सांगितलं.

"म्हणजे हात ठीक हाय," ते म्हणाले.

"पहिल्यापासून ठीक होता."

त्यांनी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, हसतील. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कधी कळलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं.

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी."

बाबालालचाचांना मी पहिल्यांदा आणि शेवटचं चिडलेलं बघितलं. ते ओरडले नाहीत. फळीवरचं मशीन त्यांनी अशा जोराने बाजूला सारलं की त्यातला स्क्रू-ड्रायव्हर रस्त्यावर जाऊन पडला.

"कानाची चूक झाली असती तर मी एक शब्द बोललो नसतो," ते म्हणाले. "माझ्याबी कानाची होती. तीस वर्षं सा वाजवला, आणि एका पोरीनं 'नाही' म्हटलं, तर मीबी 'नाही' म्हटलं. पण हे दहा दिवस कशाचे? हे सांगा." त्यांनी चिंध्या बांधलेली बोटं माझ्या तोंडासमोर धरली. "ही पहिल्या दिवशी सोललेली नव्हती."

"चाचा, माफ..."

"रात्री पोरं झोपली की वाजवत होतो. बायको म्हणायची सारखाच येतोय, तर तिला म्हणायचो, तुला कान नाहीत. बायकोला म्हणालो!" त्यांचा श्वास फुलला होता. "जावा तुम्ही."

"एकदा वाजवून..."

"तुमच्यासमोर नाही वाजवणार. जावा."

मी रस्त्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून फळीवर ठेवला आणि निघाले.

बस सांगलीला पोचेपर्यंत माझा राग आला. उशिरा आला, पण आला तो सगळा. थेट गच्चीवर गेले. दादा पाहुण्यांना टेप लावून खोली दाखवत होते. पाहुण्यांसमोरच म्हटलं, "कीबोर्डचा बास काढतेय. चाचांचा पहिला टेक, पहिल्यांदा वाजवलेलाच, घालतेय, आठही गाण्यांत."

"प्रकाशन चार दिवसांवर आलंय!"

"मग प्रकाशनात मीच माईकवर सांगते, या शुभ खोलीत सा ऐकू येत नाही. पाहुण्यांना आत्ता ऐकवू?"

पाहुणे आळीपाळीने आमच्याकडे बघायला लागले. दादांनी टेप गुंडाळली. ती गुंडाळताना त्यांच्या हातातून दोनदा निसटली.

"घाल," ते दात आवळून म्हणाले. "पण अल्बम झाला की परत इथे पाऊल ठेवायचं नाही."

"या फाशात कोण ठेवतंय!"

पहिला टेक मी हेडफोनवर ऐकला. खोलीला मध्ये येऊ न देता, पहिल्यांदाच. सगळे सा सारखे होते. सरकपट्टी एकदाही वर-खाली करावी लागली नाही. परत बोलावलं त्या सकाळचे अकराही टेक ऐकले. तेही सारखेच होते. अकराव्यात तीन तासांच्या थकव्याचा मागमूस नव्हता.

सीडी छापून आली तेव्हा मी ती घेऊन मिरजेला गेले. बोटांवरच्या चिंध्या निघाल्या होत्या. चाचांनी सीडी उलटी करून पाठीवरचं स्वतःचं नाव वाचलं, माझंही वाचलं, आणि ती बॉबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

"ऐका तरी एकदा," मी म्हटलं.

"मला माहितीय कसं वाजवलंय ते. तेव्हाबी माहीत होतं." ड्रॉवर बंद करून ते परत मशीनकडे वळले. "तुम्ही म्हणालात म्हणून विसरलो होतो."

ऑर्केस्ट्रात ते पुढेही बरीच वर्षं वाजवत होते, असं ऐकलं. माझा स्वतःचा स्टुडिओ झाल्यावर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्यांनी नम्रपणे सांगितलं, दुकानातून वेळ होत नाही. चौथ्यांदा केला तेव्हा फोन त्यांच्या सुनेने उचलला आणि सांगितलं की ते गेल्या उन्हाळ्यात वारले.

तो पहिला टेक माझ्याकडे आहे. नुसता बास, बाकी काही नाही. कुठल्याही नव्या खोलीत काम घ्यायच्या आधी मी तो लावते आणि खोलीभर चालते.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला एका बिल्डरने बांधलेला स्टुडिओ बघायला गेले होते. खाली गालिचे, वर झुंबर, भिंतींना मखमल. मालक मोठ्या खुर्चीत मध्ये बसले होते. मी टेक लावला. अर्धा मिनिट त्यांनी ऐकला, मान वाकडी केली आणि जाणकारासारखं हसून म्हणाले, "मॅडम, बासवाला जरा कच्चा वाटतोय. सा खातोय बघा."

"उठा," मी म्हटलं.

"काय?"

"उठा त्या खुर्चीतून." माझा आवाज इतका चढला की बाहेरचा माणूस दारात आला. "त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहा. भिंतीला पाठ लावा. आता ऐका. आणि बासवाला नाही, बाबालाल शिकलगार नाव आहे त्यांचं."